'के ताल?'ला उत्तर काय द्यावे?

स्पॅनिश बोलणारा माणूस वाटेत भेटून 'के ताल?' म्हणतो, तेव्हा तो आपल्या प्रकृतीची चौकशी करीत नसतो. आपण 'काय, कसं काय?' म्हणतो आणि समोरचा 'चाललंय' म्हणून पुढे जातो, तसेच हे. पुष्कळदा 'के ताल?'ला उलट 'के ताल?' एवढेच उत्तर मिळते आणि दोघेही आपापल्या वाटेने जातात. 'के पासा?' म्हणजे काय चालले आहे? त्याला 'नादा', काही नाही, एवढे पुरते.

थांबून बोलावयाचे असेल तर मात्र नुसते 'ब्येन', म्हणजे बरे आहे, म्हणून गप्प बसू नये. 'ब्येन, इ तू?' बरे आहे, आणि तुझे? हे 'तू' आपल्या 'तू'सारखेच आहे. आदरार्थी शब्द 'उस्तेद'. खरी मेख येथे आहे. कारखान्यात मुकादमाने 'काय रे' म्हणावे आणि वयाने वडील असलेल्या कामगाराने 'बरं आहे, साहेब' म्हणावे, हे मी कैक वर्षे पाहिले आहे. खुशालीच्या प्रश्नातही पायरी दाखविता येते! कोलंबियात, विशेषतः बोगोता शहरात, घरच्या माणसांतही 'उस्तेद' चालते. तेव्हा परक्याने एवढेच करावे : समोरच्याने बरोबरीच्या नात्याने जो शब्द वापरला, तोच त्याला परत द्यावा.

कष्टकऱ्यांची उत्तरे मला सर्वांत आवडतात. स्पेनमध्ये म्हणतात 'तिरान्दो', शब्दशः ओढतो आहे. आपला संसाराचा गाडाच की हा! लॅटिन अमेरिकेत 'आकी, एन ला लुचा' ऐकू येते : हा काय, लढ्यात आहे. म्हणणारा संपावर असतोच असे नाही. बहुधा तो बाजाराला निघालेला असतो.

१९३६च्या डिसेंबरात इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल बार्सिलोनात पोहोचला, तेव्हा शहर कामगारांच्या ताब्यात होते. 'सेन्योर' आणि 'उस्तेद' लोकांनी टाकून दिले होते. जो तो दुसऱ्याला 'तू' आणि 'कॉम्रेड' म्हणे, आणि 'बुएनोस दीआस'ऐवजी 'सालूद', म्हणजे आरोग्य, असे अभिवादन करी. १९३७च्या एप्रिलअखेर तो आघाडीवरून रजेवर परतला. युद्ध अजून संपलेले नव्हते, फ्रँकोचे सैन्य शहरात शिरायला पावणेदोन वर्षे अवकाश होता. पण अनोळखी माणसे एकमेकांना पुन्हा 'सेन्योर' आणि 'उस्तेद' म्हणू लागली होती.