काळविटांच्या झुंजीचे गणित

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे १९८० साली काळविटांसाठी अभयारण्य स्थापन झाले. तेथील माळरानावर सहकार्य आणि संघर्ष ही दोन्ही एकाच जातीच्या प्राण्यांत पाहावयास मिळतात.

प्रथम सहकार्य घेऊ. चरताना मान खाली गेली की शत्रू दिसत नाही. समजा, प्रत्येक प्राणी एकपंचमांश वेळ मान वर करून पाहतो. एकटा असेल तर लांडगा दिसण्याची शक्यता १०० मध्ये २०. दहाजण आपापल्या लयीने माना वर करीत असतील, तर निदान एकाची मान वर असण्याची शक्यता १०० मध्ये ८९! (०.८ चा दहावा घात १ मधून वजा करून पाहा.) कळपात राहण्यात प्रत्येकाचाच फायदा आहे.

आता संघर्ष. नर आपापली जागा राखतात. दुसरा नर आला की दोघे मान ताठ करून, पिळदार शिंगे मागे टाकून शेजारी शेजारी चालतात. बहुधा एकजण माघार घेतो. शिंगाला शिंग क्वचितच भिडते. असे का? ‘जातीच्या भल्यासाठी’ हे उत्तर पुरेसे नाही, कारण न लढणाऱ्यांत एखादा भांडखोर शिरला तर सारा लाभ त्यालाच मिळेल.

जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉर्ज प्राइस यांनी १९७३ साली हे कोडे गणिताने सोडविले. मेनार्ड स्मिथ हे आधी विमान-अभियंता होते! समजा, जागेची किंमत २० गुण आणि दुखापतीचे नुकसान ६० गुण. नेहमी लढणारा तो ‘ससाणा’, नुसता आव आणून माघार घेणारा तो ‘पारवा’. सगळेच पारवे असतील तर प्रत्येकाला सरासरी १० गुण मिळतात. पण त्यांत शिरलेला ससाणा २० मिळवतो, म्हणून ससाणे वाढतात. सगळेच ससाणे झाले तर प्रत्येकाच्या वाट्याला उणे २० येतात. पारव्याला मात्र शून्य, म्हणून पारवे वाढतात. एकतृतीयांश ससाणे असताना दोघांची कमाई सारखी होते. तेथे तराजू स्थिर होतो.

खऱ्या काळविटाचे वागणे याहून गुंतागुंतीचे असते. पण तत्त्व तेच: दुखापत महाग असेल तेथे संयम टिकतो, कोणी उपदेश न करताही.

दुखापतीचे नुकसान ४० धरले तर ससाणे किती? वहीत मांडून पाहा.