आदिलशहाचा वाडा, व्हाइसरॉयचा महाल आणि गोव्याची विधानसभा : एकाच इमारतीची पाचशे वर्षं

नगरहून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरहून, सोलापूर रस्त्याला लागलं की रणगाड्यांच्या संग्रहालयाच्या परिसरात फराहबाग लागते. मोठ्या चौकोनी तलावाच्या मधोमध बांधलेला हा निजामशाही महाल १५८३ मध्ये पूर्ण झाला. आज तलावाला पाणी नाही, महालाला दारं-खिडक्या नाहीत. उंच कमानी आणि उघड्या भिंती तेवढ्या शिल्लक आहेत.

निजामशाहीचं भावंड म्हणावं अशी दुसरी सलतनत म्हणजे विजापूरची आदिलशाही. तिच्या संस्थापकाने पणजीत मांडवी नदीच्या काठावर एक वाडा बांधला होता. तो फराहबागेपेक्षा जवळपास ऐंशी वर्षांनी जुना. पण तो आजही उभा आहे, त्याच्यावर कौलं आहेत आणि त्यात माणसांचा राबता आहे. इतकंच नाही, तर स्वतंत्र भारतात तब्बल छत्तीस वर्षं तिथे गोव्याची विधानसभा भरत होती. गोवा महाराष्ट्रात जाणार की नाही, हा वादही याच वाड्याच्या छताखाली रंगला.

एक महाल ओसाड पडला आणि दुसऱ्यात विधानसभा भरली. असं का झालं, ते समजून घ्यायचं तर या वाड्याची गोष्ट सुरुवातीपासून बघायला हवी.

घोड्यांसाठी हवं होतं गोवा

पंधराव्या शतकाच्या शेवटी बहामनी राज्य मोडकळीला आलं आणि तिथले सरदार एकेक करून स्वतंत्र झाले. मलिक अहमदने १४९० मध्ये निजामशाही उभी केली आणि पुढे अहमदनगर शहर वसवलं. त्याच सुमारास विजापुरात युसूफ आदिलखानाने आपली गादी स्थापन केली. ही दोन्ही घराणी कधी एकमेकांशी लढली, कधी सोयरीक करून मोकळी झाली. नगरचा किल्ला लढवणारी चांदबिबी ही हुसेन निजामशहाची मुलगी आणि अली आदिलशहाची राणी, हे नगरकरांना वेगळं सांगायला नको.

आदिलशाहीच्या ताब्यात गोव्याचं बंदर होतं आणि ते फार मोलाचं होतं. दख्खनच्या लढाया घोडदळाच्या जोरावर चालायच्या. चांगले घोडे अरबस्तानातून आणि इराणमधून समुद्रमार्गे यायचे. ज्याच्या हातात बंदर, त्याला घोडे आधी मिळणार आणि वर जकातही मिळणार.

तेव्हाचं गोवा शहर म्हणजे आजचं जुनं गोवें. समुद्रातून तिथे जायचं तर मांडवी नदीच्या मुखातून आत शिरावं लागायचं. त्या वाटेवर पणजी हे छोटं गाव होतं. युसूफने साधारण १५०० च्या सुमारास तिथे एक वाडा बांधला. उन्हाळ्यात राहायला हवेशीर जागा आणि नदीवर नजर ठेवायला तटबंदीचं ठाणं, अशी दोन्ही कामं त्याने होत होती.

१५१० : पावसाळ्यात अडकलेलं आरमार

१५१० च्या सुरुवातीला अफोन्सो द अल्बुकर्क हा पोर्तुगीज सेनानी आरमार घेऊन मांडवीत शिरला. आधी पणजीचं ठाणं पडलं, मग गोवा शहर. पण काही महिन्यांतच आदिलशाही फौज परत आली आणि तिने पोर्तुगीजांना शहराबाहेर हुसकावलं.

तोवर पावसाळा तोंडावर आला होता. खवळलेल्या समुद्रात जहाजं नेता येईनात, म्हणून आरमार नदीतच अडकून पडलं. पणजीच्या ठाण्यातल्या तोफा त्यांच्यावर मारा करत होत्या, जहाजांवर उपासमार सुरू होती. शेवटी पोर्तुगीजांनी रात्री छापा घालून हे ठाणं मारलं. पाऊस ओसरल्यावर अल्बुकर्क बाहेर पडला, नव्या जहाजांसह परतला आणि २५ नोव्हेंबर १५१० रोजी त्याने गोवा पुन्हा जिंकलं. युसूफ आदिलशहा त्याच वर्षी वारला. त्याचा वाडा मात्र पुढची साडेचारशे वर्षं पोर्तुगीजांकडे राहिला.

गंमत अशी की नाव शत्रूचंच राहिलं. ‘आदिलखान’ या शब्दाचं पोर्तुगीज जिभेवर ‘इदालकांव’ झालं आणि वाड्याला ‘इदालकांवचा राजवाडा’ म्हणायचा प्रघात पडला.

वाडा राजधानी झाला, तो रोगराईमुळे

पोर्तुगीजांनी १६१५ मध्ये या वाड्याची नव्याने बांधणी केली. पण अजून ते सत्तेचं केंद्र नव्हतं. लिस्बनहून नवा व्हाइसरॉय आला की आधी पणजीत उतरायचा आणि मग समारंभाने जुन्या गोव्यात प्रवेश करायचा. थोडक्यात, वाडा म्हणजे सरकारी पाहुण्यांची उतरण्याची जागा होती.

हे चित्र साथींनी बदललं. कॉलरा आणि हिवतापाने जुन्या गोव्यात माणसं मरत राहिली आणि एके काळचं श्रीमंत शहर रिकामं होत गेलं. व्हाइसरॉय आधी जवळच्या पणेली इथे गेले. मग १७५९ मध्ये व्हाइसरॉय काउंट ऑफ एगा थेट पणजीच्या वाड्यात राहायला आला. (याच वर्षी नगरचा किल्ला निजामाकडून पेशव्यांच्या ताब्यात आला, हा निव्वळ योगायोग.) वाड्याभोवती हळूहळू शहर वाढलं आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृतपणे राजधानी झाली.

१९१८ मध्ये गव्हर्नरचा मुक्काम दोना पावलाजवळच्या काबो इथे हलला. आज गोव्याचे राज्यपाल तिथेच राहतात. पण वाडा रिकामा झाला नाही. राहणारे गेले आणि सरकारी कचेऱ्या तिथेच राहिल्या.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. आज आपण बघतो ती दुमजली इमारत, तिची उतरती कौलारू छपरं आणि लाकडी गॅलऱ्या हे सगळं रूप पोर्तुगीज काळातलं आहे. युसूफ आदिलशहाने बांधलं तसं त्यात आता फार थोडं उरलंय.

राजाच्या घरात लोकांची सभा

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. डिसेंबर १९६३ मध्ये गोवा, दमण आणि दीव या केंद्रशासित प्रदेशाची पहिली निवडणूक झाली. विधानसभा होती ३० जागांची. काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि युनायटेड गोवन्स पक्षाचे डॉ. जॅक सिक्वेरा विरोधी पक्षनेते.

नव्या विधानसभेला जागा कुठली द्यायची? वेगळी इमारत नव्हती. मग ९ जानेवारी १९६४ रोजी पहिली बैठक याच वाड्यात भरली. सचिवालयही तिथेच होतं, त्यामुळे मंत्र्यांची दालनं आणि सभागृह एकाच छपराखाली आलं.

ज्या घरातून गोव्यावर परक्यांचे हुकूम सुटले, तिथेच आता शेतकऱ्यांनी, मच्छीमारांनी, भाटकारांनी मतं देऊन पाठवलेले आमदार बसू लागले. त्यांनी पहिल्याच वर्षी कूळ कायदा केला. पुढे भाऊसाहेबांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना १९७५ मध्ये मुंडकार कायदा आला. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जागेत घर करून राहणाऱ्या मुंडकाराला त्यामुळे हुसकावणीपासून संरक्षण मिळालं. १९७६ मध्ये कूळ कायद्यात दुरुस्ती होऊन कसणाऱ्या कुळाला जमिनीची मालकी देण्याची तरतूद झाली.

गोवा महाराष्ट्रात का आला नाही?

या सभागृहातला सगळ्यात मोठा वाद मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याचा आहे. म.गो. पक्षाचं म्हणणं होतं की गोव्याची संस्कृती आणि भाषा मराठी, तेव्हा गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा. सिक्वेरांचा पक्ष म्हणत होता की गोव्याला स्वतःची ओळख आहे, कोकणी ही वेगळी भाषा आहे. सत्ताधाऱ्यांनी सभागृहात विलीनीकरणाचा ठराव मंजूर केला. विरोधकांचा आक्षेप असा की इतका मोठा निर्णय काही आमदारांच्या बहुमताने होऊ नये, तो थेट लोकांना विचारा.

अखेर संसदेने कायदा केला. प्रचाराच्या काळात सत्ता आपल्या हातात असू नये म्हणून बांदोडकरांचं सरकार पायउतार झालं आणि १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल घेतला गेला. विलीनीकरण हवं असेल तर ‘फूल’, नको असेल तर ‘दोन पानं’, अशी चिन्हं होती. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं पडली आणि विरोधात १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा.

पुढे जे घडलं ते आणखी विचार करायला लावणारं आहे. दोनच महिन्यांनी विधानसभेची निवडणूक झाली आणि विलीनीकरण मागणारा म.गो. पक्षच पुन्हा निवडून आला. बांदोडकर परत त्याच वाड्यात मुख्यमंत्री म्हणून बसले. राज्य कुणी चालवावं आणि राज्य वेगळं असावं की नाही, हे दोन प्रश्न गोवेकरांनी वेगळे ठेवले होते.

भाषेचा प्रश्न त्यानंतरही वीस वर्षं धुमसत राहिला. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी विधानसभेने राजभाषा कायदा मंजूर केला. देवनागरीतली कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामकाजात मराठीच्या वापराचीही तरतूद ठेवली गेली. ३० मे १९८७ रोजी गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला आणि आमदारांची संख्या ३० वरून ४० वर गेली.

आता वाडा अपुरा पडू लागला. मांडवीच्या पलीकडे पर्वरीच्या पठारावर नवं संकुल बांधलं गेलं आणि २००० मध्ये विधानसभा तिकडे गेली. पणजीकर वाड्याला ‘जुनं सचिवालय’ म्हणू लागले. दुरुस्तीनंतर तो प्रदर्शनांसाठी वापरात आला. डिसेंबरमध्ये भरणाऱ्या सेरेंडिपिटी कला महोत्सवातही त्याची दालनं खुली असतात. शेजारीच संमोहनशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या आबे फारिया या गोमंतकीयाचा पुतळा आहे.

जर्मनीत याच्या उलट घडलं

राजवाड्यात विधानसभा भरणं ही काही गोव्याचीच खासियत नाही. जर्मनीत ब्रांडेनबुर्ग राज्याची विधानसभा पोट्सडाम शहराच्या राजवाड्यात भरते. प्रशियाचा राजा फ्रेडरिक दुसरा याने अठराव्या शतकाच्या मध्यात या वाड्याला भरजरी बरोक रूप दिलं होतं. एप्रिल १९४५ मध्ये बॉम्बहल्ल्यात तो जळाला. नंतरच्या पूर्व जर्मन सरकारला राजेशाहीची ही खूण नको होती, म्हणून १९५९-६० मध्ये उरलेल्या भिंतीही पाडल्या गेल्या.

जर्मनी एक झाल्यावर राज्याला विधानभवन हवं होतं आणि शहराला आपला हरवलेला चौक. उद्योजक हासो प्लाट्नर यांनी जुन्या दर्शनी भागासाठी दोन कोटी युरो दिले. २०१४ मध्ये विधानसभा तिथे राहायला आली. बाहेरून अठरावं शतक आणि आतून एकविसावं. एका भिंतीवर तर सोनेरी अक्षरांत फ्रेंचमध्ये लिहिलंय : हा राजवाडा नव्हे.

म्हणजे पणजीत उभा वाडा होता म्हणून त्यात विधानसभा गेली आणि पोट्सडाममध्ये विधानसभेला जागा हवी होती म्हणून पाडलेला वाडा पुन्हा उभा राहिला.

मग फराहबागेचं काय झालं?

याचं उत्तर नगरमध्येच सापडतं. तिथला भुईकोट किल्ला निजामशाहीचाच, फराहबागेपेक्षा जुना. पण मोगल, मराठे, इंग्रज अशा प्रत्येक सत्तेला त्याची गरज पडली. १९४२ ते १९४५ या काळात नेहरूंसह काँग्रेस कार्यकारिणीचे नेते तिथे कैदेत होते आणि ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ तिथेच लिहिलं गेलं. आज तो लष्कराच्या ताब्यात आहे. किल्ल्याला कायम काहीतरी काम मिळत राहिलं.

फराहबाग मात्र सुलतानाच्या विसाव्यासाठी होती. तिची सगळी शोभा पाण्यावर. नगरला लांबून खापरी नळांनी पाणी आणलं जायचं आणि ती व्यवस्था रोज राखावी लागायची. निजामशाही संपली, विसावा घेणारा सुलतान गेला आणि राज्यकारभाराचं कुठलं काम पुन्हा या महालाकडे आलं नाही. पाणी गेल्यावर बागेचा महाल कुणाच्या काय उपयोगाचा?

पण या हिशेबाला दुसरी बाजूही आहे. पणजीचा वाडा वापरात राहिला म्हणून वाचला आणि वापरात राहिला म्हणूनच बदलला. दर नव्या धन्याने भिंती हलवल्या आणि आदिलशहाचं काम आता शोधावं लागतं. फराहबागेचं छत हललं, पाणी आटलं, पण तिच्या कमानी ज्यांनी उभारल्या त्यांच्याच हातच्या आहेत. पोट्सडामकडे बांधकाम नवं आहे आणि मूळ फार थोडं आहे.

जुनी वास्तू जपायची म्हणजे नेमकं काय जपायचं, हा प्रश्न म्हणूनच अवघड असतो. पणजीने आधी सचिवालय, मग विधानसभा आणि आता प्रदर्शनं असं एकामागून एक काम वाड्याला दिलं. फराहबाग ही संरक्षित वास्तू आहे, त्यामुळे तिथे कचेरी थाटणं शक्य नाही आणि ते व्हायलाही नको. पण तिला करता येईल असं एक काम आहे : चारशे वर्षांपूर्वी पाण्याच्या मधोमध महाल कसा बांधत, हे येणाऱ्याला दाखवायचं. त्यासाठी फक्त तिच्याकडे जाणारी माणसं वाढायला हवीत.