दोन सह्यांवाचून अडलेली चित्रे

धन्याच्या पश्चात चित्रसंग्रहाचे काय होते, हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांना मी सर ह्यू लेन यांची हकिकत सांगतो.

लेन जन्माने आयरिश. लंडनला चित्रांचा व्यापार करून त्यांनी पैसा मिळविला आणि माने, रेन्वार यांची चित्रे जमविली. १९०८ साली त्यांनी डब्लिनमध्ये आधुनिक चित्रांचे संग्रहालय उघडले. अट एकच होती : शहराने कायमची इमारत बांधावी. नव्या दिल्लीची आखणी करणाऱ्या ल्युटेन्स यांनी लिफी नदीवर, पुलावरच चित्रशाळा सुचविली. १९१३ साली नगरसभेने ती फेटाळली. लेन संतापले. त्यांनी ३९ चित्रे लंडनच्या नॅशनल गॅलरीकडे धाडली आणि मृत्युपत्रात तिच्या नावे केली.

पुढे राग निवळला. ३ फेब्रुवारी १९१५ रोजी त्यांनी पुरवणी लिहिली : चित्रे डब्लिनलाच द्यावीत. खाली सही केली, कागद मेजाच्या खणात ठेवला. साक्षीदारांच्या सह्या मात्र राहिल्या! त्याच वर्षी ७ मे रोजी जर्मन पाणबुडीने ‘लुसिटानिया’ बुडविली. लेन त्याच बोटीवर होते.

मग जुंपली. लंडन म्हणे, कायदा आमचा. डब्लिन म्हणे, इच्छा आमची. लेन यांच्या मावशी लेडी ग्रेगरी १९३२ साली मरेपर्यंत भांडल्या. सरकारी समितीने १९२६ साली मान्य केले की, पुरवणी कायदेशीर आहे अशीच लेन यांची समजूत होती. तरीही त्यासाठी कायदा वाकवू नये! १९५६ साली तर दोन आयरिश विद्यार्थ्यांनी निषेध म्हणून लंडनच्या टेट गॅलरीतून यांतलेच एक चित्र भरदिवसा पळविले.

अखेर १९५९ साली तडजोड झाली. चित्रांचे दोन गट करून ते आळीपाळीने डब्लिनला पाठवायचे ठरले. १९९३ साली ३१ चित्रे दीर्घ मुदतीने तिकडे गेली. २०२१ च्या करारातही निवडक चित्रांची ये-जा राहिलीच. मालकी मात्र लंडनची!

साक्षीदारांचा नियम वाईट, असे मी म्हणणार नाही. खोट्या कागदांना त्यानेच आळा बसतो. पण येथे कागद खरा, हे उभय पक्षांना ठाऊक होते. कायद्याने पदरात पडलेले सारेच ठेवून घ्यावे, असे थोडेच आहे?

आपल्याकडेही मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. तेव्हा वाचकहो, फडताळात असा एखादा कागद पडला असेल, तर शेजारी फराळाला येतील तेव्हा दोघांच्या सह्या घेऊन टाका!