बिनतारी स्पीकर : बसवण्याचे काम आणि त्याची मजुरी

रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचे दिवस संपले, अशी तक्रार आपले अनेक कारागीर बांधव करतात. टेप गेली, सीडी प्लेअर गेला, आता स्पीकरची वायरही गेली. मग आपण जोडायचे काय? प्रश्न रास्त आहे. पण गिऱ्हाइकाच्या घरी डोकावून पाहावे. हजारो रुपये मोजून आणलेल्या संचातला एक स्पीकर शोकेसच्या कप्प्यात कोंबलेला, दुसरा सोफ्यामागे जमिनीवर, आणि मालक म्हणतो, "आवाजात मजा नाही." खोका विकणाऱ्याला ऑनलाइन भावाशी झुंजावे लागते. तो खोका घरात नीट बसवून देणे हे मात्र हाताचेच काम आहे.

पहिली गोष्ट गिऱ्हाइकाला आधीच सांगावी. बिनतारी म्हणजे आवाजाची वायर नाही. विजेची वायर बहुतेक स्पीकरना लागतेच. बॅटरीवर चालणारे असतील तर ते चार्ज करावे लागतात. तेव्हा माल पोहोचवण्यापूर्वी मागच्या बाजूला प्लग पॉइंट आहे का, ते विचारावे. नसेल तर ते इलेक्ट्रिशियनचे वेगळे काम आहे आणि त्याची मजुरीही वेगळी. हे नंतर सांगितले की भांडण होते.

सर्वांत जास्त तक्रार येते ती ब्लूटूथची. ब्लूटूथवरून आवाज सेकंदाच्या दहाव्या भागापासून पाव सेकंदापर्यंत उशिरा पोहोचू शकतो. नुसते गाणे ऐकताना हे कळतही नाही. सिनेमात मात्र ओठ आधी हलतात आणि शब्द मागाहून येतो. गिऱ्हाइकाला वाटते माल खराब आहे. तो परत करतो आणि नुकसान दुकानदाराचे होते. टीव्हीच्या मेनूमध्ये आवाज जुळवण्याची सोय असते, पण अनेक टीव्हींत ती आवाज आणखी मागे ढकलते. आधीच उशिरा येणाऱ्या आवाजाला तिचा काय उपयोग? उपाय सोपा आहे. साउंडबार किंवा मुख्य युनिट टीव्हीच्या एचडीएमआय एआरसी सॉकेटला केबलने जोडावे. ही सोय २००९ पासूनच्या एचडीएमआय १.४ मध्ये आली. सॉकेट नसेल तर ऑप्टिकल केबल चालते. मागचे स्पीकर आणि सबवूफर कंपनीने दिलेल्या स्वतःच्या बिनतारी जोडणीवर राहू द्यावेत; तिथे उशीर फारच थोडा असतो. म्हणजे एक वायर लागलीच, पण तीच कामाची.

आता जागा. संगीतासाठी दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा. १० बाय १२ फुटांच्या खोलीत स्पीकरमध्ये ६ फूट अंतर ठेवले तर बैठकही ६ फुटांवर हवी. स्पीकरमधला लहान पडदा, म्हणजे ट्वीटर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर यावा. कोपऱ्यात सरकवला की खालचा आवाज घुमतो आणि शब्द बुडतात.

होम थिएटरसाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने कोन सांगितले आहेत. मधला स्पीकर समोर, पुढचे दोन दोन्ही बाजूंना ३० अंशांवर आणि मागचे दोन १०० ते १२० अंशांवर. म्हणजे मागचे स्पीकर डोक्यामागे नव्हे, तर खांद्याच्या रेषेच्या किंचित मागे. आपल्याकडच्या घरांत सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असतो. अशा वेळी ते बाजूच्या भिंतींवर, सोफ्याच्या रेषेत आणि कानापेक्षा दोनेक फूट वर लावावेत. मग टेपने प्रत्येक स्पीकरचे बैठकीपासूनचे अंतर मोजून मेनूमध्ये भरावे. एक फूट जायला आवाजाला सेकंदाचा सुमारे हजारावा भाग लागतो. युनिट त्या हिशोबाने वेळ जुळवते. पाच मिनिटांचे हे काम फार थोडे लोक करतात.

सबवूफरची एक युक्ती आहे. तो क्षणभर बैठकीच्या जागी ठेवून ढोलाचे गाणे लावावे आणि आपण भिंतीकडेने वाकून फिरावे. जिथे ठोका स्वच्छ ऐकू येईल तिथे तो ठेवावा. घरातली मुले हसतील, हसू द्यावे. मात्र शेजाऱ्याच्या सामाईक भिंतीपासून तो लांबच असू द्यावा. खालचा आवाज भिंत ओलांडतो आणि शिव्या बसवणाऱ्याला बसतात.

मध्येच आवाज तुटत असेल तर स्पीकर उघडू नये. अनेक बिनतारी संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. वायफाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात. राउटर चार फूट बाजूला करावा, वाटेतले लोखंडी कपाट हलवता येते का ते पाहावे.

मजुरी आधी ठरवून बिलावर वेगवेगळी लिहावी : प्लग पॉइंट, ब्रॅकेट, जुळणी. एक फेरी मोफत, पुढची पैशाने. काम झाल्यावर गिऱ्हाइकाला त्याच्या नेहमीच्या जागी बसवून आधी बातम्या आणि मग त्याच्या आवडीचे गाणे ऐकवावे. उरलेले पैसे त्यानंतर मागावेत.