यात्रेतला ब्रिक गेम पोरानं आपटला? फेकू नका!

म्हसवडची किंवा शिंगणापूरची यात्रा झाली की आपल्या माण तालुक्यातल्या घराघरांत खेळणी येतात आणि आठवड्यात मोडतात. टेट्रिससारखे खेळ असलेला ब्रिक गेम मात्र बऱ्याचदा घरीच दुरुस्त होतो.

स्क्रीनवर काळा डाग पसरला असेल तर काच गेली, तिथं इलाज नाही. पण काही ओळीच गायब असतील तर नक्की उघडून बघा. सेल काढा, मागचे स्क्रू सोडवा. काच आणि सर्किट बोर्डच्या मध्ये रबराची बारीक पट्टी दिसेल. तिच्यात वीज वाहणारे आणि न वाहणारे थर आलटून पालटून असतात. आपटल्यावर ती जराशी सरकली तरी ओळी मरतात. चिमट्यानं काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्यानं पुसा, सरळ बसवून स्क्रू सारखे आवळा. काहींत पट्टीऐवजी चिकटवलेली फीत असते, ती अजिबात ओढू नका.

आवाज गेला तर बऱ्याचदा स्पीकरची तार सुटलेली असते. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून डाग मारून घ्या.

पोराला शेजारी बसवून दाखवा, पण स्क्रू आणि बटण सेल त्याच्या हाताला लागू देऊ नका. बटण सेल गिळला तर थेट दवाखाना गाठा.