स्वॅपच्या नावाखाली रॅमच संपते

‘डिस्क नसलेल्या संगणकावर मोठी फाइल ठेवायची? मग स्वॅपच्या आधारावरची मेमरी डिस्क बनवा, रॅम खर्चच होत नाही!’ हा सल्ला वारंवार कानावर येतो आणि तो साफ चुकीचा आहे.

फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमचे उदाहरण घेऊ. तिथल्या ‘एमडी’ या मेमरी डिस्कच्या ड्रायव्हरच्या मॅन पेजवर स्पष्ट लिहिले आहे की अशा डिस्कची पाने एरवी मेमरीतच राहतात, मेमरीवर ताण आला तरच ती स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या राखीव जागेत, ढकलली जातात. पण ढकलायला स्वॅप हवा ना? डिस्क नसलेल्या, नेटवर्कवरून बूट होणाऱ्या यंत्रात मुद्दाम सोय केली नसेल तर स्वॅपही नाही. मग या डिस्कवर लिहिलेला प्रत्येक बाइट रॅममध्येच बसतो.

यावर उत्तर ठरलेले असते: ‘पण 2 जीबी रॅमवर 4 जीबीची डिस्क बनली की!’ बनणारच. जागा आधी राखून ठेवली जात नाही; लिहाल तसे एकेक पान घेतले जाते. ‘डीएफ’ ही आज्ञा दाखवते तो केवळ जाहीर केलेला आकार. फाइल वाढत गेली की मेमरी संपते आणि कर्नल चालू प्रोग्रॅम मारू लागतो. डिस्क बनवण्याची आज्ञा यशस्वी झाली म्हणजे जागा मिळाली, असे कृपा करून समजू नका.

स्वॅपच एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या सर्व्हरवर, ठेवला तर? ठेवता येतो. पण मेमरी संपलेली असतानाच पाने नेटवर्कवरून पाठवायची, आणि पाठवायलाही मेमरी लागते. लिनक्समध्ये यासाठी खास राखीव मेमरीची व्यवस्था 2012 मध्ये, 3.6 आवृत्तीत आली. शेवटी माहिती सर्व्हरवरच जाणार असेल, तर फाइल थेट तिथेच का लिहू नये?

आणखी काही गैरसमज:

‘मॅलॉक प्रकारची, म्हणजे कर्नलच्या मेमरीतून जागा घेणारी डिस्क जास्त सुरक्षित.’ उलट आहे. जागा राखून न ठेवता मोठी मॅलॉक डिस्क भरली तर कर्नल पॅनिक होऊ शकतो, असा इशारा ‘एमडीकॉन्फिग’चे मॅन पेज देते.

‘फाइल पुसली की रॅम मोकळी.’ टीएमपीएफएस या मेमरीतल्या फाइल सिस्टिमवर होते. मेमरी डिस्कवरच्या यूएफएस फाइल सिस्टिममध्ये ट्रिम (मोकळी झालेली जागा डिस्कला कळवण्याची सोय) चालू असेल तरच.

‘लिनक्सच्या टीएमपीएफएसला मर्यादा नसते.’ असते, आकार न सांगितल्यास निम्मी रॅम. मर्यादा नसते ती रॅमएफएसला, आणि त्याची पाने स्वॅपमध्येही जात नाहीत.

मेमरी डिस्क /टीएमपी आणि /व्हार यांच्या छोट्या, तात्पुरत्या फायलींसाठी उत्तम आहे. तिला आकाराची मर्यादा घाला, बनवण्याआधी ‘स्वॅपइन्फो’ चालवून स्वॅप आहे का ते पाहा आणि मोठ्या फायली एनएफएसवरच ठेवा.