दुकान एकच, माल वेगळा!

लातूरच्या आमच्या जाऊबाईंची लेक अमेरिकेत असते. तिनं नातवाच्या टिकटॉक व्हिडिओची लिंक पाठवली, पण इकडे ती उघडेचना. प्ले स्टोअरमध्ये शोधलं, तर ॲपच नाही. ‘‘माझाच फोन जुना झालाय बघ,’’ नांदेडला मला फोन करून म्हणाल्या.

फोन बिचारा काय करणार! प्ले स्टोअर जगभर असलं तरी आपल्या खात्याला जो देश जोडलेला, तिथलाच माल आपल्याला दिसतो. २९ जून २०२० रोजी सरकारनं टिकटॉकसह ५९ ॲप्सवर बंदी घातली. स्वयंपाक करता करता, शेताच्या बांधावर हौसेनं व्हिडिओ करणाऱ्या कितीतरी जणींचा प्रेक्षक तेव्हा तुटला. अमेरिकेतही जानेवारी २०२५ मध्ये ते स्टोअरमधून गेलं होतं, फेब्रुवारीत परत आलं.

शेजारचा मुलगा जाऊबाईंना म्हणाला, ‘‘काकू, फाइल पाठवतो, टाकून घ्या.’’ मी म्हटलं, मुळीच नको! अशी एपीके फाइल स्टोअरच्या तपासणीतून आलेली नसते. तिच्यात लबाडी असली, तर बँकेचे मेसेज, ओटीपी परक्याच्या हाती जातात.

शेवटी लेकीनं तोच व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवला. जाऊबाईंनी दुपारभर पाहिला.